उन्हाचा पारा नेमका मोजायचा कसा?

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसह विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. समुद्र दूर, आकाश निरभ्र, जमीन कोरडी आणि वायव्येकडून येणारे उष्ण वारे ही त्याची कारणे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग ती उष्णतेची लाट मानतो. ४७ अंशांना ती तीव्र ठरते.

हौशी निरीक्षकांनी तापमापक उन्हात टांगू नये. जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या हवेशीर पेटीतली नोंदच ग्राह्य असते. तापलेल्या भिंतीवरचा आकडा फसवा असतो. नोंदी घेणाऱ्यांनीही दुपारी १२ ते ३ उन्हात जाणे टाळावे.