जनावरांवरील परजीवी कोळ्यांविरुद्ध नव्या संयुगांचा शोध

शेळी सतत अंग घासू लागली, कानाच्या कडा व तोंडाभोवतीचे केस गळून तेथे जाड खपल्या धरल्या, की तिला खरूज झाली असे पशुपालक ओळखतो. या रोगास कारणीभूत असलेला सारकॉप्टिस हा कोळी कीटक नसून गोचिडांप्रमाणेच अष्टपाद वर्गातील सूक्ष्म जीव आहे. त्याची मादी त्वचेत बोगदे करून अंडी घालते आणि दोन ते तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते.

नव्या संयुगांची गरज

एकाच गटातील औषध वारंवार किंवा अपुऱ्या मात्रेत वापरल्यास संवेदनशील परजीवी मरतात व सहनशील परजीवी उरतात. त्यांच्याच संततीची संख्या वाढून औषध निष्प्रभ होते. भारतात गायी-म्हशींवरील गोचिडांमध्ये डेल्टामेथ्रिनविरुद्ध प्रतिकारशक्ती अनेक राज्यांत आढळली आहे. ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या सोरोप्टिस कोळ्यांत मॉक्सिडेक्टिनला प्रतिकार निर्माण झाल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच वेगळ्या ठिकाणी आघात करणाऱ्या संयुगांचा शोध आवश्यक ठरतो.

दोन संयुगे, दोन मार्ग

जपानमधील मातीच्या नमुन्यातून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून अॅव्हरमेक्टिन मिळाले. विल्यम कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी त्यावर केलेल्या कार्यातून आयव्हरमेक्टिन विकसित झाले व 1981 पासून ते जनावरांसाठी उपलब्ध झाले. या दोघांना 2015 चे नोबेल पारितोषिक लाभले. हे औषध कोळ्याच्या चेतापेशींवरील क्लोराइडची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे कोळी लुळा पडतो.

आयसोक्साझोलिन गटातील फ्लुरालेनर हे संयुग नेमके उलट कार्य करते. ते ही द्वारे बंद करते. चेतासंस्था अनियंत्रितपणे उत्तेजित होऊन कोळी मरतो. युरोपात 2017 मध्ये कोंबड्यांवरील लाल कोळ्यासाठी त्यास मान्यता मिळाली. हा कोळी दिवसा पिंजऱ्यांच्या फटींत लपतो व रात्री रक्त शोषतो. त्यामुळे फवारा त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पिण्याच्या पाण्यातून दिलेले औषध मात्र रक्तावाटे पोहोचते. प्रतिकिलो वजनास 0.5 मिलिग्रॅम अशी मात्रा सात दिवसांच्या अंतराने दोनदा देतात.

प्रयोगशाळेपासून गोठ्यापर्यंत

कोळी मारणारे संयुग सापडणे ही केवळ सुरुवात असते. कोळ्याप्रमाणेच जनावरालाही चेतासंस्था असते. म्हणून परजीवीस घातक परंतु जनावरास सुरक्षित अशी मात्रा निश्चित करावी लागते. अमिट्राझ घोड्यांना व पायरेथ्रॉइडची अनेक औषधे मांजरांना धोकादायक ठरतात, यावरून एका प्राण्यासाठी सुरक्षित औषध दुसऱ्यास चालेलच असे नाही हे स्पष्ट होते. त्यानंतर दूध, मांस व अंडी यांतील अंश किती दिवस राहतात हे मोजून प्रतीक्षा कालावधी ठरवतात. शेणावाटे बाहेर पडणाऱ्या औषधाचा शेणकिड्यांवरील परिणामही तपासला जातो. आयव्हरमेक्टिनचे अंश त्यांच्या अळ्यांना मारक असल्याचे आढळले आहे.

पशुपालकांनी घ्यावयाची काळजी

- त्वचा खरवडून घेतलेला नमुना तपासून कोळ्याची खात्री करावी.
- मात्रा जनावराच्या वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.
- बहुतेक औषधे अंड्यांवर परिणाम करीत नाहीत. म्हणून सांगितलेली दुसरी मात्रा चुकवू नये.
- बाधित जनावर वेगळे ठेवून संपर्कातील सर्व जनावरांवर एकाच वेळी उपचार करावेत.
- गुण न आल्यास मात्रा परस्पर वाढवू नये. निदान व औषधाचा गट पुन्हा तपासावा.
- पिकांवरील कीटकनाशक जनावरांच्या अंगावर कदापि वापरू नये.
- प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत दूध अथवा मांस विक्रीस देऊ नये.

नवे संयुग तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. निष्काळजी वापराने ते त्याहून कमी काळात निकामी होऊ शकते. उपलब्ध औषधांची परिणामकारकता टिकवणे हेही म्हणूनच संशोधनाइतकेच महत्त्वाचे कार्य आहे आणि ते गोठ्यातच घडते.