बूट पॉलिशवाल्या हातांत ‘नवोदित’चा पुरस्कार
मार्च १९९६, हवाना. ध्वनिमुद्रणासाठी मालीहून येणारे वादक पोहोचलेच नाहीत. मग अमेरिकी गिटारवादक राय कूडर आणि क्यूबाचे हुआन दे मार्कोस गोन्झालेस यांनी विस्मृतीत गेलेल्या स्थानिक बुजुर्गांनाच एग्रेम या सरकारी ध्वनिमुद्रण कंपनीच्या जुन्या स्टुडिओत जमवलं. त्यांतले ६९ वर्षांचे इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होते. पियानोवादक रुबेन गोन्झालेस यांच्या घरी तर पियानोही उरला नव्हता! ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ हा त्यांचा अल्बम अवघ्या सहा दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. कूडर यांच्या नावामुळे जगाने कान टवकारले. ते स्वतः मात्र गिटार घेऊन मागे बसले. खरं मोठेपण तेच. १९९८मध्ये अल्बमला ग्रॅमी मिळालं. २००० साली फेरेर लॅटिन ग्रॅमीचे ‘सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार’ ठरले, वयाच्या ७३व्या वर्षी.