गच्चीवरचं ठिबक
केळीच्या बागेतलं ठिबक जळगावकरांना नवं नाही. जळगावचेच उद्योजक भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकात या तंत्राचा ध्यास घेतला. तेच कुंड्यांनाही चालतं, फक्त पसारा लहान. १६ मिमीची मुख्य नळी, तिला भोक पाडून जोडलेली ४ मिमीची बारीक नळी आणि कुंडीमागे ताशी २ लिटरचा एक ड्रिपर. पुरेसा दाब असेल तर अर्ध्या तासात कुंडीला लिटरभर पाणी.

खरी मेख दाबाची. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब, आणि गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम २ मीटर वर. एवढ्यावर दाबनियंत्रक ड्रिपर नीट चालत नाहीत; साधेच घ्या, नळीही फार लांबवू नका.

जाळीच्या फिल्टरवर मात्र पैसे वाचवू नयेत; पाण्यातल्या कचऱ्याने ड्रिपर तुंबतात. शिवाय बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात; रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला की तो मोकळा होतो.

मे महिन्यात धुळ्या-जळगावात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा काळ्या नळीतलं पाणी हाताला चटका देतं. पाणी पहाटेच सोडा. दुपारी सोडायचंच झालं, तर आधी टोकाचं बूच काढून नळीतलं गरम पाणी वाहू द्या.