तीन मीटरचं सूत

मालेगावहून नाशिक शंभरेक किलोमीटर. गाव यंत्रमागाचं, तेव्हा अंतर सुतातच मोजू. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर दोन मीटर भरतो. त्यात 600 कोटींवर अक्षरं. तो धागा मोसम पुलापासून थेट नाशिकपर्यंत ताणला, असं समजा. याच मापात एप्स्टाइन-बार विषाणूचं सगळं सूत जेमतेम तीन मीटर! 1,72,000 अक्षरं, बस्स. 1964 साली सापडलेला हा पाहुणा 100 प्रौढांतल्या 90हून अधिकांच्या अंगात मुक्कामाला असतो, बहुधा तुमच्याही.

आता सिकलसेल घ्या. नाशिक-नंदुरबारच्या पाड्यांना हा आजार नवा नाही. बिघाड एकाच अक्षराचा, पण आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. म्हणजे नाशिकपर्यंतच्या त्या सुतात दोन जागी, केसाच्या जाडीइतकाही नाही असा डाग.

हा डाग वर्षानुवर्षं तपासायचा, तर रुग्णाला किती वेळा टोचणार? म्हणून चमचाभर रक्त घेतात. त्यातल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नुसत्या बशीत ठेवल्या तर काही दिवसांत मरतात. त्या वाढत राहाव्यात म्हणून त्यांना तोच एप्स्टाइन-बार विषाणू लावतात, आणि बाधित पेशींवर तुटून पडणाऱ्या टी पेशींना सायक्लोस्पोरिन देऊन गप्प बसवतात. काही आठवड्यांत भिंगाखाली पेशींचे पुंजके दिसतात, गुलाबी द्रव पिवळा पडू लागतो. पोरं जेवायला लागली, एवढाच त्याचा अर्थ. विषाणू सहसा गुणसूत्रांत घुसत नाही, बाजूला कडं करून बसतो. त्यामुळे रुग्णाची अक्षरं बव्हंशी जशीच्या तशी राहतात.

रोज दुप्पट धरा: एका पेशीच्या 50 दिवसांत सव्वाअकरा कोटी कोटी. वजन टनाच्या घरात! अर्थात कागदावर. प्रत्यक्षात थोड्या वाढवतात, थोड्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, बाकीच्या टाकून देतात. अशा पेशींना ‘अमर’ म्हणतात; हा शब्द मला जरा चढाच वाटतो. काही पेशी पुढे थकतात, काहींत नव्या चुका शिरतात.

जगभरच्या माणसांचा डीएनए वाचणाऱ्या ‘1000 जीनोम्स’ प्रकल्पातल्या 2,504 माणसांच्या अशा पेशी अमेरिकेत न्यू जर्सीच्या कोरिएल संस्थेतून मिळतात. त्यांत ह्यूस्टनचे गुजराती 103, लाहोरचे पंजाबी 96, बांगलादेशातले बंगाली 86, ब्रिटनमधले तेलुगू 102 आणि तिथलेच श्रीलंकन तमिळ 102.

मराठी म्हणून वेगळा गट? शून्य.