पाहुण्याला दाखवायचे लंडन

लंडनमध्ये रात्रीचे पावणेबारा वाजतात, तेव्हा सोलापुरात पहाटेचे सव्वापाच झालेले असतात. गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, रमजानची सहर आटोपायची हीच वेळ होती. विजापूर वेशीजवळच्या एका घरात अम्मी पाण्याचा शेवटचा घोट घेण्याआधी लंडनला शिकणाऱ्या मुलाला फोन लावायची. रोजचा प्रश्न ठरलेला, "खाया क्या रे?" त्या शुक्रवारी रात्री मात्र प्रश्न बदलला. "मेहमान आया क्या रे?"

मेहमान आला होता. मेहमान कसला, त्याच गल्लीतला दोस्त. पहिलीपासून दहावीपर्यंत दोघे एका बाकावर. पुढे एक पुण्यात कंपनीत लागला. दुसऱ्याने वडिलांचा यंत्रमागाचा शेड बँकेकडे तारण ठेवून परदेशातली एमएस्सी धरली. कंपनीने पंधरा दिवसांसाठी लंडनजवळच्या एका गावी पाठवले आणि पाहुण्याला मधला शनिवार-रविवार मोकळा मिळाला. दोघांची नावे इथे देण्याचे कारण नाही. गल्लीला ती ठाऊक आहेत.

पाहुण्याच्या बॅगेत अम्मीने दिलेला डबा होता. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरीची चवड, ईदसाठी शेवया. आणि एक निरोप होता, जो डब्यापेक्षा जड होता. "त्याची खोली नीट बघून ये. खातो का, झोपतो का, बघ. आम्हाला तो सगळं चांगलंच सांगतो."

आई-बापांना हे कळते. मुलगा फोनवर जरा जास्तच हसू लागला की कळते.

व्हाइटचॅपेल भागातली ती खोली पाहुण्याने पाहिली तेव्हा तिथे एक पलंग होता आणि राहणारे दोघे होते. दुसरा मुलगा रात्रपाळीला गेला की पलंग याचा, तो सकाळी आला की त्याचा. खिडकी होती, पण ती शेजारच्या भिंतीकडे उघडायची. घरी मात्र "स्वतंत्र खोली, मोठी खिडकी" असे सांगितलेले. काम ग्रंथालयात आहे, असेही सांगितलेले. प्रत्यक्षात तो एका दुकानाच्या गोदामात खोकी उतरवायचा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते. त्या वीस तासांत खोलीभाडे आणि जेवण बसवायचे, म्हणून बसतील तेवढेच जेवण.

पाहुणा त्या रात्री काही बोलला नाही. त्याने मोबाइलवर यादी काढली. बिग बेन, टॉवर ब्रिज, ट्रॅफल्गार चौक, लंडन आय, आणि शेवटी वडिलांनी सांगितलेले एक ठिकाण. "यातलं कुठून सुरू करायचं?"

विद्यार्थी गप्प राहिला. सहा महिने तो या शहरात होता आणि यादीतले एकही ठिकाण त्याने धड पाहिलेले नव्हते. टॉवर ब्रिजचा जो फोटो अम्मीने नात्यातल्या सगळ्यांना पाठवला होता, तो त्याने बसच्या खिडकीतून काढला होता. त्याचे लंडन म्हणजे विद्यापीठ, गोदाम, मशीद आणि पंचवीस नंबरची बस. पाहुणा रील्स बघूनच त्याच्यापेक्षा जास्त लंडन पाहून आला होता.

शनिवारी सकाळी तो पाहुण्याला यादीतल्या कुठल्याच ठिकाणी घेऊन गेला नाही. चालत दहा-पंधरा मिनिटांवर ब्रिक लेन आहे, तिथे नेले. फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत उभी आहे. १७४३ मध्ये ती फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंटांचे, ह्युगेनॉटांचे, चर्च म्हणून बांधली गेली. एकोणिसाव्या शतकात ती मेथॉडिस्टांकडे गेली. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग केले. १९७६ पासून तिथे बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. वरच्या भिंतीवरचे सूर्यघड्याळ मात्र पहिल्यापासून तेच. मंडळी बदलत गेली, सावलीवरून वेळ बघायची सोय तशीच राहिली.

पण त्याला दाखवायचे होते ते समोरच्या घरांचे माळे. "वर बघ. खिडक्या केवढ्या रुंद आहेत."

पाहुण्याने वर पाहिले.

"माग होते तिथे. रेशमाचे. उजेड लागतो ना, सूत तुटलं तर दिसायला."

१६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मोकळीक देणारा आदेश रद्द केला आणि हजारो माणसे देश सोडून निघाली. त्यांतले कितीतरी विणकर स्पिटलफिल्ड्समध्ये येऊन बसले. खाली राहायचे, वर माग. पुढे यंत्रे आली, स्वस्त कापड आले, हातमाग बसले. सोलापूरच्या पोराला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. विद्यार्थी एका दमात बोलत राहिला. ताणा कसा लावत असतील, एवढ्या अरुंद जिन्यावरून बीम वर कसा नेत असतील, बापाबरोबर पोरे कशाला बसत असतील. सहा महिन्यांत त्याला या शहरात पहिल्यांदाच कुणाला तरी काही सांगता येत होते. पाहुणा म्हणाला, "अब्बांना दाखवायला पाहिजे होतं रे." त्यावर दोघेही थोडा वेळ काही बोलले नाहीत. शेडवरच्या कर्जाचा विषय निघाला नाही, तरी तो निघाल्यासारखाच होता.

मग टॉवर ब्रिज, पायीच. पुलावर पोहोचेपर्यंत पाहुण्याला भूक लागली होती, पण तो काही खाईना. पाणीसुद्धा पाठ फिरवून, चोरून पिऊ लागला. शेवटी विद्यार्थी वैतागला. "दहावीत माझ्या नाकासमोर वडापाव खायचास, तेव्हा रोजा नव्हता का माझा? मेहमानाला उपाशी फिरवलं म्हणून अम्मी मला धुवेल. खा गुपचूप." पाहुण्याने सँडविच घेतले, विद्यार्थी शेजारी बसून नदी बघत राहिला. रोजा ज्याचा त्याचा असतो. शेजाऱ्याने लाजून उपाशी राहिल्याने तो सोपा होत नाही, उलट रोजेदारालाच संकोच होतो. हे ज्यांनी एका बाकावर दहा वर्षे काढली, त्यांनाच असे तोंडावर सांगता येते.

शिवाय मार्चचा रोजा लंडनमध्येही साधाच होता. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. दहा वर्षांपूर्वी तो जूनमध्ये यायचा, तेव्हा लंडनमध्ये मगरिबला रात्रीचे सव्वानऊ-साडेनऊ वाजायचे. गेल्या मार्चमध्ये मात्र सहा वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळत होता, जवळजवळ सोलापूरसारखाच.

पंधरा नंबरची बस टॉवरजवळून निघते, सेंट पॉलच्या घुमटाला वळसा घालून, फ्लीट स्ट्रीटवरून ट्रॅफल्गार चौकात जाते. पर्यटकांच्या उघड्या बसला भरमसाट पैसे पडतात, हिला तेव्हा पावणेदोन पौंड पडायचे. त्यातही एका तासात कितीही बस बदला, पुन्हा पैसे लागत नाहीत. विद्यार्थी घड्याळाकडे बघून प्रवास आखत होता. "उतर, उतर, अजून सतरा मिनिटं आहेत." पाहुण्याच्या लक्षात आले की या पोराला शहरातली स्मारके माहीत नाहीत, पण शहर कितीत पडते ते पैशापर्यंत पाठ आहे.

बिग बेन झाले, फोटो झाले. संसदेच्या इमारतीला लागून नदीकाठी एक बाग आहे. तिथल्या बाकावर दोघे बसले. वारा बोचरा होता आणि विद्यार्थ्याच्या अंगावरचे जाकीट सोलापुरात घेतलेले, म्हणजे नावापुरते. बसल्या बसल्या त्याने अब्दुल्ला युसुफ अलींची गोष्ट काढली.

कुराणाचा इंग्रजी अनुवाद म्हटला की बहुतेक घरांत ज्यांची प्रत निघते, ते हे युसुफ अली. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन १८९१ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले. पुढे आयसीएस झाले. अनुवाद १९३० च्या दशकात लाहोरहून प्रसिद्ध झाला आणि जगभर गेला. विद्यार्थी ज्या मशिदीत जायचा, त्या ईस्ट लंडन मशिदीच्या जुन्या विश्वस्तांत त्यांचे नाव आहे. संसार मोडला, मुले दुरावली. डिसेंबर १९५३ च्या थंडीत याच वेस्टमिन्स्टर भागात भांबावलेल्या अवस्थेत उघड्यावर बसलेला एक म्हातारा पोलिसांना सापडला. ते युसुफ अली होते. १० डिसेंबरला ते गेले. ब्रुकवुडच्या कबरस्तानात त्यांना दफन केले.

"हे तू कशाला वाचत बसतोस?" पाहुण्याने विचारले.

"रात्री कामावरून येतो तेव्हा पलंग रिकामा नसतो कधी कधी. मग बसतो मशिदीत. वाचतो."

पाहुण्याने मग तो प्रश्न विचारला, जो कालपासून अडकला होता. "मी घरी काय सांगू?"

"बिग बेन दाखवला म्हण."

"अम्मी बिग बेनचं विचारणार नाहीये."

विद्यार्थ्याने उत्तर दिले नाही. इफ्तारची वेळ होत आली होती. वेस्टमिन्स्टरहून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी थेट व्हाइटचॅपेलला येते.

मशिदीत रमजानमध्ये रोज शेकडो माणसांचा इफ्तार होतो. विद्यार्थी, रस्त्यावर राहणारे, टॅक्सीवाले, कुणीही. पाहुणा दारात घुटमळला, नाव विचारले तर काय सांगायचे म्हणून. कुणी विचारले नाही. खजूर, मग हरभऱ्याची उसळ, कांद्याची भजी, जिलेबी आणि चक्क चुरमुरे. बंगाली माणसाचा इफ्तार चुरमुऱ्यांशिवाय होत नाही, हे पाहुण्याला नवीन होते. शेजारच्या सिल्हेटी आजोबांनी एवढेच विचारले की तुम्ही कुठले. "सोलापूर." ते कुठे आले? "मुंबईजवळ," विद्यार्थी म्हणून गेला. पाहुणा उखडला. "चारशे किलोमीटर जवळ?" आजोबांना काही कळले नाही, पण त्यांनी दोघांच्या ताटांत आणखी भजी घातली. विद्यार्थी किती आणि किती घाईने जेवला, हे पाहुण्याने पाहिले. दिवसभराच्या रोज्याची भूक आणि महिनाभराची भूक यांत फरक असतो.

रविवारी यादीतले शेवटचे ठिकाण. पाहुण्याचे वडील गिरणीत होते. घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांनी बजावले होते, बाकी काही बघ न बघ, ते घर बघून ये. चॉक फार्म स्टेशनवरून चालत गेले की दहा, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते, तशी पाटी दारावर आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली. पाहुण्याने व्हिडिओ कॉल लावून वडिलांना दार दाखवले. वडील पलीकडून हात जोडून उभे राहिले.

मग वडिलांनी विद्यार्थ्याला फोनवर मागितले आणि जे त्यांना पाठ होते ते सांगितले. बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले ते शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन. रात्री भूक लागली की पापड भाजून त्यावर भागवायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. "पण त्यांनी मित्राला पत्रं लिहिली बाळा. पैसे संपले की संपले म्हणून लिहायचे," वडील म्हणाले.

त्या रात्री पावणेबाराला अम्मीचा फोन आला, तेव्हा पाहुणा परत गेला होता आणि विद्यार्थी गोदामाच्या मागच्या दाराशी उभा होता. पहिल्यांदाच त्याने मागचे आवाज लपवले नाहीत. लायब्ररी नाही, गोदाम आहे, म्हणून सांगितले. पलंगाचेही सांगितले. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, चटणी संपली का. संपत आली होती. पलंगावरचा दुसरा मुलगा हैदराबादचा निघाला, त्याला ती फार आवडली.

पाहुणा महिनाअखेरीस सोलापूरला पोहोचला. ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला गेला, तेव्हा अब्बांना त्याने मोबाइलवर त्या रुंद खिडक्या दाखवल्या. अब्बांनी चष्मा लावून एकेक मोठी करून पाहिली. तेवढ्यात लंडनहून फोन आला.

"अरे, तुझं जाड जाकीट इथंच राहिलंय. पलंगाखाली होतं."

"राहू दे," पाहुणा म्हणाला. "सोलापुरात एप्रिलमध्ये काय करू त्याचं?"