वाघांची वंशावळ आणि प्राणिसंग्रहालयांचा सहकार

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ईडन प्रेरी या मिनीॲपोलिसच्या उपनगरात बरीच भारतीय कुटुंबे राहतात आणि मिनेसोटा नदीपलीकडच्या ॲपल व्हॅलीतील राज्य प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन जाणे हा तेथील रहिवाशांचा नेहमीचा कार्यक्रम असतो. परंतु १९७८ मध्ये खुल्या झालेल्या या संस्थेचे खरे महत्त्व तेथील वाघांइतकेच त्या वाघांच्या नोंदींत आहे.

या नोंदींमागची दृष्टी युलिसिस सील यांची होती. मिनीॲपोलिसच्या माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयात संशोधन करणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञाने डेल मेकी यांच्यासह १९७४ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील प्राण्यांची जन्म, मृत्यू व मातापित्यांसह सामायिक नोंद ठेवणारी यंत्रणा उभारली, जी आज ‘स्पीशीज३६०’ या नावाने जगभर वापरली जाते. तिची गरज अनुभवातून पटलेली होती, कारण प्रत्येक संग्रहालय आपापल्या पिंजऱ्यातील मोजक्या प्राण्यांचीच पैदास करीत राहिले, की दोन-तीन पिढ्यांत भावंडांचा किंवा बाप-लेकींचा संकर अटळ ठरतो. कॅथरीन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खुरधारी प्राण्यांच्या १६ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी १५ जातींत अशा जवळच्या नात्यातून जन्मलेली पिल्ले अधिक प्रमाणात दगावल्याचे आढळले.

१९८१ मध्ये अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने ‘स्पीशीज सर्व्हायव्हल प्लॅन’ ही संयुक्त प्रजनन योजना सुरू केली आणि सैबेरियन वाघाचा समावेश तिच्या आरंभीच्या जातींत झाला. पुढे या वाघांच्या योजनेचे संयोजन दीर्घकाळ ॲपल व्हॅलीतूनच चालले. योजनेचे गणित असे, की जंगलातून आलेल्या मूळ प्राण्यांपासूनची वंशावळ मांडून प्रत्येक वाघाचे उरलेल्या सर्व वाघांशी सरासरी किती नाते लागते ते काढायचे आणि ज्याचे नातलग कमी, त्याला प्रजननात अग्रक्रम द्यायचा, जेणेकरून मूळ कळपातील जनुकीय विविधतेचा ९० टक्के भाग शंभर वर्षे टिकावा. त्यामुळे वाघ एका शहरातून दुसऱ्या शहरात बहुधा विक्रीने नव्हे, तर करारावर जातो, आणि ज्याचे रक्त आधीच पुष्कळ पसरले आहे, त्याच्यासाठी संततिनियमनाचा सल्लाही दिला जातो.

भारतीय प्रेक्षकाला प्रिय असलेला पांढरा वाघ या हिशेबात मुळीच बसत नाही. १९५१ मध्ये रीवा संस्थानात पकडलेल्या ‘मोहन’चा त्याच्याच ‘राधा’ या मुलीशी संकर करून पांढरे बच्चे मिळवले गेले, आणि पुढची पैदासही पुष्कळशी अशाच जवळच्या नात्यांतून झाली. गर्दी खेचणाऱ्या या प्राण्याचा वन्य वाघाच्या संवर्धनाला काहीही उपयोग नाही. अमेरिकी संघटनेने आपल्या सदस्यांना त्याची पैदास थांबवायला सांगितले, हे योग्यच झाले.

योजना यशस्वी झाल्याची उदाहरणेही आहेत. मिनेसोटात पाहायला मिळणारा प्रझेवाल्स्कीचा रानघोडा १९६० च्या दशकाअखेर निसर्गातून नाहीसा झाला होता, पण बंदिवासातील डझनभर पूर्वजांपासून वाढवलेले घोडे १९९२ पासून मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात परतले. तिथे त्यांच्यासाठी मोकळी भूमी शिल्लक होती, हे मात्र विसरता येत नाही. ऱ्हासाचे मूळ कारण कायम असेल, तर कितीही काटेकोर वंशावळ प्राण्याला पिंजऱ्याबाहेर जगवू शकत नाही.

भारतातील गिधाडांच्या बाबतीत ते कारण होते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, जे मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत असे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन सुरू ठेवले, तरी त्यांना मोकळे सोडण्यासाठी औषधांवरील नियंत्रण अपरिहार्य होते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी पिंजोरची काही गिधाडे महाराष्ट्रातील ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली.