कोठाराची शिल्लक

लिनक्समध्ये ‘डीएफ’ ही आज्ञा दिली म्हणजे जोडलेल्या प्रत्येक फाइल-व्यवस्थेची जमाबाकी क्षणार्धात पडद्यावर उमटते. परंतु ही आज्ञा डिस्कची मोजदाद स्वतः करीत नाही, तर दफ्तराच्या दारी अर्ज घेऊन येणाऱ्या रयतेप्रमाणे ती ‘स्टॅटएफएस’ नामक सिस्टिम कॉलद्वारा कर्नेलकडे विचारणा करते, आणि कर्नेल तिला व्यवस्थेचा प्रकार, ब्लॉकचा आकार, एकूण ब्लॉक व मोकळे ब्लॉक यांचा तपशील भरून देतो. त्यात शिल्लक दोन प्रकारे नोंदलेली असते : एक सगळी मोकळी जागा, दुसरी सामान्य वापरकर्त्यास उपलब्ध असलेली, कारण ‘एक्स्ट४’ या फाइल-व्यवस्थेत सामान्यतः ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखीव असते, आणि डिस्क भरली तरी त्या गंगाजळीच्या बळावरच त्याला दुरुस्तीचे काम करता येते.